लक्षणं सारखी, उपाय वेगळे
बाळाच्या किंवा घरातल्या प्राण्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर काय करावं?

नाशिकची हवा थंड, हा लौकिक अर्धाच खरा आहे. मार्चमध्ये पहाटे अंगावर पांघरूण लागतं आणि त्याच दिवशी दुपारी डांबरावर पाय ठेववत नाही. एप्रिल-मेमध्ये शहराचा पारा चाळिशीला टेकतो, मालेगावात तर त्याच्याही पुढे जातो. मुंबईतला घाम अंगाला चिकटून राहतो म्हणून तो जाणवतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत मात्र घाम येतो न येतो तोच उडून जातो. दोन तास क्रिकेट खेळून आलेल्या पोराचं अंग कोरडं, कपडेही कोरडे; अंगातून किती पाणी गेलं हे घरच्यांना कळणार कसं? कुत्र्याला तर माणसासारखा अंगभर घाम येतच नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो आणि प्रत्येक धापेबरोबर पाणी गमावतो.

उन्हाळा हे एकच कारण नाही. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी विहिरीत किंवा फुटक्या जलवाहिनीत शिरलं की जून-जुलैमध्ये जुलाब-उलट्यांची साथ येते. थंडीत रोटा विषाणूचे जुलाब बाळांना गाठतात. कुत्र्याच्या पिल्लांना पार्व्हो विषाणू वर्षात केव्हाही गाठू शकतो. त्यामुळे शरीरातलं पाणी कमी होणं म्हणजे काय आणि ते घरच्या घरी कसं ओळखायचं, हे बाराही महिने उपयोगी पडतं.

तान्हं बाळ काय आणि मांजर काय, ‘मला तहान लागली’ असं दोघांनाही सांगता येत नाही. दोघांच्या शरीरांनी दिलेल्या खुणा मात्र बऱ्याच मिळत्याजुळत्या असतात: कोरडं तोंड, कमी झालेली लघवी, मलूल डोळे. म्हणूनच एकाचा उपाय दुसऱ्यावर करण्याचा मोह होतो, आणि गडबड तिथेच होते. खुणा दोघांच्या एकाच नजरेने टिपाव्यात. उपाय मात्र ज्याचा त्याचा वेगळा ठेवावा.

किती पाणी गेलं म्हणजे ‘कमी’?

तान्ह्या बाळाच्या वजनाचा जवळपास पाऊण भाग पाणीच असतं. मोठ्या माणसात हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास येतं. बाळाचं अंग वजनाच्या मानाने पसरट असतं, श्वास जलद असतो, मूत्रपिंडं अजून पुरती तयार झालेली नसतात. त्यामुळे पाणी येण्याजाण्याचा त्याचा व्यवहार मोठ्यांपेक्षा वेगवान असतो.

वजनाच्या तीन ते पाच टक्के पाणी गेलं तर त्याला सौम्य तुटवडा म्हणतात. १० किलोच्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब ३०० ते ५०० मिलीलिटरचा होतो. तीन-चार मोठे पातळ जुलाब आणि एक-दोन उलट्या एवढं पाणी सहज काढून नेतात. ते भरून काढायला अर्धा लिटर योग्य द्रव पुरतो, पण तो बाळाच्या पोटात टिकायला हवा. एका दमात पाजलेला पेला बहुतेक वेळा उलटीवाटे बाहेर येतो.

बाळाकडे पाहताना

सगळ्यात भरवशाची खूण लघवीची. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला करत असेल, तर पोटात पुरेसं पाणी जातं आहे. लघवी गडद पिवळी झाली, तिला उग्र वास येऊ लागला, दोन लघव्यांमधलं अंतर वाढलं, की सावध व्हावं. डायपरमुळे इथे घोटाळा होतो. तो सगळं शोषून घेतो आणि पातळ शी झाली की त्यात शू होती की नव्हती, हे समजतच नाही. आजारपणाचे दोन-तीन दिवस सुती लंगोट वापरावा, नाहीतर डायपरच्या पुढच्या भागात कापसाचा बोळा ठेवावा. बोळा ओला झाला की शू झाली हे कळतं.

दुसरी खूण तोंडाची. ओठ सुकलेले, जीभ आणि गालाची आतली बाजू चिकट. रडताना डोळ्यांतून पाणी येत नाही. मूल किरकिर करतं, खेळण्याकडे बघत नाही, पण पाण्याचा पेला दिसला की त्यावर झडप घालतं. ‘पाणी पितंय म्हणजे बरं आहे’ असं घरात म्हटलं जातं; पण जुलाब सुरू असताना मूल हपापल्यासारखं पाणी पीत असेल, तर तुटवडा सौम्यच्या पुढे गेल्याचं ते लक्षण असू शकतं.

तिसरी खूण टाळूची. साधारण दीड वर्षापर्यंत बाळाची टाळू मऊ असते आणि आपल्याकडे ती तेलाने भरायची पद्धत आहे. त्यामुळे आई-आजीचा हात रोज टाळूवरून फिरतो आणि तिथला फरक त्यांनाच आधी जाणवतो. बाळ शांत असताना, त्याला बसतं धरून टाळू पाहावी. ती नेहमीपेक्षा खोल गेलेली वाटली, तर ‘तेल जिरलं नाही’ म्हणून पुन्हा तेल भरत बसू नये. ही पाणी कमी झाल्याची खूण आहे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं.

चौथी परीक्षा कातडीची. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उभी धरावी आणि क्षणभराने सोडावी. ती लगेच सपाट झाली तर ठीक. हळूहळू बसत असेल तर तुटवडा सौम्य राहिलेला नाही. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घडी तशीच राहिली तर तो गंभीर आहे. गुटगुटीत बाळाच्या चरबीमुळे ही परीक्षा फसवते. कुपोषित मुलाची कातडी एरवीही सैल असते, तिथेही ती चकवते. त्यामुळे एकट्या चिमटीवर विसंबू नये.

डोळे खोल गेलेत का, हे आईला विचारावं. तिचं ‘याचे डोळे असे नसतात’ हे उत्तर डॉक्टरही गांभीर्याने घेतात.

जलसंजीवनीचं माप

जुलाब-उलट्यांमुळे पाणी गेलं असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, कारण पाण्याबरोबर क्षारही गेलेले असतात. आतड्याच्या अस्तरात साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र आली की ती जोडीने शोषली जातात आणि त्यांच्यामागे पाणीही रक्तात शिरतं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी राहते. जलसंजीवनी म्हणजेच ओआरएस या एका तत्त्वावर उभी आहे. साखर फार झाली तर उलटं घडतं: आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. जुलाब झालेल्या मुलाला कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस किंवा नुसती ग्लुकोजची भुकटी देऊ नये ते याचसाठी.

हा उपाय घरच्या माणसाच्या हातात देता येतो हे १९७१ मध्ये दिसून आलं. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांच्या पुड्या करवून घेतल्या, त्या पाण्यात विरघळवल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिल्या. छावणीतला मृत्युदर सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आला. पाजणारे डॉक्टर नव्हते. आया, बहिणी, शेजारी होते. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं, एकूण २०.५ ग्रॅम. दुकानात एका लिटरची आणि २०० मिलीलिटरची अशा दोन्ही पुड्या मिळतात, आणि नेमकी इथेच चूक होते. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर ते पाणी पाचपट खारट होतं आणि बाळाच्या रक्तातलं मीठ धोकादायक वाढू शकतं. म्हणून पुडी फोडण्याआधी तिच्यावरचं ‘किती पाण्यात’ हे वाचावं. अर्धी पुडी अर्ध्या लिटरमध्ये टाकायचा हिशेबही करू नये. भुकटीतले घटक समान वाटले जात नाहीत. पाण्याची एक लिटरची रिकामी, स्वच्छ बाटली हे घरातलं सोपं माप आहे.

उकळून थंड केलेलं पाणी घ्यावं. त्यात पूर्ण पुडी घालावी, ढवळावं, झाकून ठेवावं. वरून साखर, दूध, सरबत घालू नये, मिसळल्यावर उकळू नये. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यावं आणि नवीन करावं.

पुडी घेताना नावाला भुलू नये. ओआरएस हे शब्द मिरवणाऱ्या, पण भरपूर साखर असलेल्या पेयांबाबत बरीच वर्षं तक्रारी होत्या. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हे शब्द वापरायला मनाई केली. तरीही पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहूनच ती घ्यावी. आशाताई, अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही पुडी मोफत मिळते.

पुडी मिळेपर्यंत घरचं मिश्रण चालतं: एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे शीग लावून भरू नयेत. पाजण्याआधी स्वतः चव घ्यावी. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. लागलं तर ओतून द्यावं आणि पुन्हा करावं.

किती आणि कसं पाजायचं?

जुलाब आहेत पण पाणी कमी झाल्याची ठळक खूण नाही, अशा वेळी प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिलीलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप, आणि दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलीलिटर जलसंजीवनी द्यावी. बाटलीने पाजू नये. वाटी-चमचा किंवा पेला घ्यावा.

उलटी होत असेल तर वेग हाच उपाय. उलटीनंतर दहा मिनिटं थांबावं आणि मग दर मिनिटा-दोन मिनिटांनी चहाचा एक चमचा द्यावा. हे फार थोडं वाटतं. पण मिनिटाला ५ मिलीलिटरने तासाला ३०० मिलीलिटर पोटात जातं, म्हणजे १० किलोच्या मुलाची सौम्य तूट एक ते पावणेदोन तासांत भरून निघते. घरात दोन माणसं असतील तर आळीपाळीने बसावं. घाई करणारा हात इथे कामाचा नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला साधं पाणी किंवा बाळघुटी देऊ नये. आईचं दूध अधिक वेळा आणि अधिक वेळ पाजावं. जुलाब असतील तर त्या जोडीने जलसंजीवनी देता येते, पण एवढ्या लहान बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

जुलाब-उलट्या नसून मूल नुसतं उन्हात खेळून थकलं असेल, तर पुडीची गरज सहसा पडत नाही. सावलीत बसवावं, कपडे सैल करावेत, माठातलं पाणी घोटाघोटाने द्यावं, मग ताक, पन्हं किंवा मीठ-साखरेचं लिंबूपाणी आणि थोडं खाणं. तासाभरात मूल हसू-खेळू लागतं आणि पुढच्या काही तासांत लघवी होते. तसं झालं नाही तर ते नुसतं थकलेलं नाही.

खाणं थांबवू नका

‘पोटाला आराम द्या’ म्हणून जुलाबात मुलाला उपाशी ठेवायची सवय अजून गेलेली नाही. आतड्याचं अस्तर पुन्हा तयार व्हायला अन्न लागतं. मऊ भात, मुगाचं वरण, भाताची किंवा नाचणीची पेज, केळं, ताक-भात हे थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं. पेठ-सुरगाण्याकडच्या घरांत नाचणी असतेच. तिची मीठ घातलेली पातळ पेज पाणीही देते आणि पोषणही. अंगावरचं दूध मुळीच बंद करू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.

जुलाब झालेल्या मुलाला झिंकही द्यायचं असतं: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, सलग चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून गोळी सोडू नये. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब परत येण्याची शक्यता ती कमी करते. जुलाब ‘बांधणारी’ मोठ्यांची गोळी मुलाला कधीही देऊ नये. प्रतिजैविक फक्त डॉक्टर सांगतील तेव्हाच. रोटा विषाणूची लस राष्ट्रीय लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तोंडावाटे मोफत मिळते. ती चुकवू नये.

डॉक्टरांकडे केव्हा?

पुढच्यापैकी एक जरी दिसलं तरी घरचे प्रयोग थांबवावेत:

• मूल पेंगतं, उठवलं तरी नीट जागं होत नाही, झटके येतात.
• पिता येत नाही, किंवा पाजलेलं सगळं उलटून पडतं.
• तान्ह्या बाळाने सहा तास, मोठ्या मुलाने आठ तास लघवी केलेली नाही.
• डोळे किंवा टाळू खोल गेली, चिमटीतली कातडी हळू बसते.
• शीमध्ये रक्त आहे, उलटी हिरवी आहे, पोट फुगलं आहे किंवा ताप जास्त आहे.
• हातपाय गार पडले आहेत.

निघताना जलसंजीवनीची बाटली आणि चमचा बरोबर घ्यावा आणि मूल शुद्धीत असेल, गिळत असेल तर वाटेतही पाजत राहावं. रुग्णवाहिकेसाठी १०८. नाशिक शहरात जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आणि नाशिकरोडचं बिटको रुग्णालय ही सरकारी ठिकाणं आहेत. तालुक्यात ग्रामीण रुग्णालय गाठावं.

कुत्रा आणि मांजर: खुणा कुठे बघायच्या?

निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलीलिटर पाणी लागतं. २० किलोच्या कुत्र्याचा हिशेब लिटर-सव्वा लिटरचा. कोरडा खाऊ आणि उन्हाळा असेल तर आणखी. सकाळी भांडं मापून भरलं आणि रात्री उरलेलं पाहिलं, तर आठवडाभरात आपल्या प्राण्याची नेहमीची तहान कळते. ती माहीत असली की बिघाड लवकर लक्षात येतो.

ओलं नाक म्हणजे तब्येत बरी, ही समजूत सोडून द्यावी. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. त्याऐवजी ओठ उचलून हिरडी बघावी. ती ओली, गुळगुळीत लागली पाहिजे. बोट चिकटलं तर पाणी कमी आहे. हिरडीवर बोट दाबून सोडावं. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघावा.

कातडीची परीक्षा इथेही आहे, पण जागा वेगळी: दोन खांद्यांच्या मधली कातडी उचलून सोडायची. पाच टक्क्यांपर्यंतचा तुटवडा या परीक्षेत दिसतच नाही. म्हणजे २० किलोच्या कुत्र्यातून लिटरभर पाणी गेलं तरी कातडी साथ देत राहते. म्हाताऱ्या आणि रोडावलेल्या प्राण्याची कातडी उगाच भीती दाखवते, लठ्ठ प्राण्याची खोटा धीर देते. त्यामुळे भूक, हालचाल, लघवी आणि हिरडी यांचं एकत्र चित्र पाहावं.

मांजराचं गणित आणखी वेगळं. तिचे पूर्वज वाळवंटी मुलखातले; शिकारीतून मिळणाऱ्या पाण्यावर भागवायचं आणि लघवी घट्ट करायची, ही तिची घडण. त्यामुळे तिला तहान उशिरा लागते. कोरड्या खाऊत पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्या खाऊत पाऊण भागाहून अधिक. नुसत्या कोरड्या खाऊवर ठेवलेलं मांजर वर्षानुवर्षं थोडं तहानलेलंच राहू शकतं. बोका सारखा बसून कुंथतो आणि लघवी येत नाही, हे पाणी कमी झाल्याचं समजून थांबू नये. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि तासांचा उशीरही जिवावर बेततो.

प्राण्याला पाणी कसं द्यावं?

आधी सावली आणि वारा. मग पाणी, पण भांडं भरून नाही. धापा टाकत आलेला कुत्रा भसाभसा पितो आणि लगेच ओकतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडे चमचे पाणी किंवा चाटायला बर्फाचा खडा द्यावा. उलटी झालेली असेल तर तासभर थांबून असंच सुरू करावं. मांजराला ओला खाऊ देऊन त्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवावं. पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी, खाण्यापासून आणि शीच्या ट्रेपासून लांब ठेवावीत. भांडं पसरट असावं, मिश्या कडांना लागल्या की काही मांजरं पीतच नाहीत. चिकन उकडलेलं पाणी दोघांनाही आवडतं, पण त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीही नको.

माणसांची जलसंजीवनी प्राण्याला चालते का? उलटी थांबलेल्या, एरवी ठणठणीत मोठ्या कुत्र्याला साध्या पुडीचं नीट कालवलेलं पाणी थोडं थोडं देता येतं. प्रमाण पशुवैद्याला फोन करून वजनाप्रमाणे विचारावं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर देऊ नये. ‘शुगर फ्री’ पेय तर अजिबात नको. त्यात झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं. अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याच्या तोंडात सिरिंजने पाणी सोडू नये, ते फुप्फुसात जातं.

जुलाब असलेल्या मोठ्या कुत्र्याला मऊ भात आणि उकडलेलं बिनमसाल्याचं चिकन थोडं थोडं द्यावं. दूध देऊ नये. बऱ्याच मोठ्या कुत्र्यामांजरांना ते पचत नाही आणि जुलाब वाढतात.

नाशिककरांनी खास जपायचं

आपल्या जिल्ह्याची शान असलेली दोन पिकं कुत्र्यामांजरांसाठी विषारी आहेत. पहिलं द्राक्ष. उन्हाने दमलेल्या कुत्र्याला ‘पाणीदार फळ’ म्हणून द्राक्षं घातली जातात. कुत्र्याची मूत्रपिंडं त्याने निकामी होऊ शकतात. त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशोधकांचा मुख्य संशय आहे. किती खाल्लं तर चालेल याचा सुरक्षित आकडा नाही, एखाद्या कुत्र्याला थोडीही बाधतात. मनुके-बेदाण्यात हाच धोका एकवटलेला असतो. आधी उलट्या होतात आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. घरच्यांना ते उन्हाचं वाटतं आणि पाणी पाजण्यात मोलाचा वेळ निघून जातो. कुत्र्याने द्राक्षं खाल्ल्याचं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्य गाठावा; पहिल्या एक-दोन तासांत पोट रिकामं करता येतं. दिंडोरी-निफाडकडच्या बागांतल्या राखणीच्या कुत्र्यांना औषध फवारणीच्या आणि खत सोडायच्या टाक्यांपासूनही लांब ठेवावं. तहानलेला प्राणी ते पाणी पितो.

दुसरा कांदा. लासलगावच्या बाजारामुळे घराघरात पोती असतात. कच्चा, शिजवलेला, आमटीतला, कुठलाही कांदा कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. काही दिवसांनी प्राणी मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात आणि लघवी लालसर होते. अशा वेळी गडद लघवी बघून ‘पाणी कमी पडलंय’ एवढ्यावर थांबू नये.

पशुवैद्य केव्हा?

पिल्लाला उलट्या-जुलाब एकदम सुरू झाले, शीला घाण वास आणि रक्त असेल, तर पार्व्हो समजून त्याच तासाला निघावं. सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून चार महिन्यांपर्यंत ठरलेल्या लसी घेतल्या तर ही वेळ बहुधा येत नाही. मोठा प्राणी दिवसभर पाणी पीत नाही, वारंवार ओकतो, उभा राहताना डगमगतो, हिरड्या फिक्या किंवा लालभडक आहेत, तर थांबू नये. मांजराने दोन दिवस काही खाल्लं नाही तरी दाखवावं. उपासाने तिचं यकृत बिघडतं.

उष्माघात हे वेगळं संकट आहे. कुत्र्याचं तापमान एरवी १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०४ च्या पुढे गेलं की धोका. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तो सगळ्यात जास्त. अंगावर साधं गार पाणी ओतून पंख्याखाली ठेवावं आणि तसंच दवाखान्यात न्यावं. गाय, वासरू, शेळीसाठी क्षारांची वेगळी पुडी आणि वेगळं प्रमाण असतं. पशुसंवर्धन विभागाचा मदत क्रमांक १९६२ आहे.

एकाच घरात दोघं असतील तर

रांगणारं बाळ आणि कुत्र्याचं पाण्याचं भांडं एकाच फरशीवर असतात. काही जंतू दोघांत एकमेकांकडे जाऊ शकतात, म्हणून भांडं रोज घासावं आणि प्राण्याला जुलाब असताना बाळाला त्या भागापासून लांब ठेवावं. शी साफ केल्यावर आणि चमचा हातात घेण्याआधी साबणाने हात धुवावेत. औषधं मात्र कधीच सामाईक नसावीत. बाळाच्या तापाचं पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकतं, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना इजा करतं. उलट बाजूने, कुत्र्याला वर्ज्य असलेलं द्राक्ष बाळाला चालतं. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला ते अख्खं देऊ नये, घशात अडकतं. लांबीत चार फोडी कराव्यात.

काच बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत दहा मिनिटंही दोघांपैकी कुणाला ठेवू नये. कुत्र्याला फिरवायची वेळ सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. आपल्या तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्याचे पायही भाजणार. २०२७ च्या सिंहस्थात लहान मुलांना घेऊन रामकुंडाकडे किंवा त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्यांनी पिशवीत जलसंजीवनीच्या दोन पुड्या, लिटरची बाटली आणि चमचा ठेवावा. गर्दीत दुकान गाठणं कठीण होतं. नदीचं पाणी मुलाच्या तोंडात जाणार नाही हेही बघावं.

आजच करून ठेवायचं काम छोटं आहे. औषधांच्या डब्यात एका लिटरच्या चार पुड्या, झिंकच्या गोळ्या, थर्मामीटर आणि चहाचा एक चमचा वेगळा ठेवा. पुड्यांची मुदत दर सहा महिन्यांनी बघा. फ्रिजवर एक कागद चिकटवा: मुलाचं वजन, प्राण्याचं वजन, बालरोगतज्ज्ञ आणि पशुवैद्य यांचे नंबर, १०८ आणि १९६२. त्याखाली दोन रकाने आखा: शेवटची लघवी किती वाजता, किती चमचे गेले. आजारपणात ते भरत गेलात, की घरी थांबायचं की निघायचं हा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही, आणि डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही तयार असतं.